भुजंगाच्या दंडाची पट्टी

माझं नाव कडूबाई. माझ्या आधीची दोन लेकरं गेली, तव्हा मला नजर लागू नये म्हणून आईनं असलं नाव ठिवलं. लोक म्हणतेत नावासारखीच जीभ हाय. असू द्या. शक घ्यायचा माझा स्वभावच हाय, दूधवाला दारात आला की आधी दुधात बोट बुडवून बघते, मगच भांडं पुढं करते. पण आज सांगायलेय ते माझ्या भावाचं, भुजंगाचं. बोरीला आमची मोसंबीची बाग हाय, ती त्यानं उभी केली.

आई गेली तव्हा मी तेरा वर्षांची अन् भुजंग चार. मीच त्याला कडेवर घिऊन वाढवला. लगीन होऊन मी नांदायला गेले, सहा वर्षांत नवरा गेला, पोटी लेकरू न्हाई, मग सासरच्यांना मी नकोशी झाले. बोरीला परत आले ती आलेच. भुजंग साळा शिकला सातवीपतूर, पण झाडाच्या बाबतीत त्याचं डोकं असं चालायचं की परभणीच्या कृषी विद्यापीठातले सायेब जीपमधून उतरून त्याची कलमं बघायचे. खुंटाला डोळा भरून असा बांधायचा, की वाया गेलेला मी तरी बघितला न्हाई. अन् बोलायचा लय! झाडांना गावातल्या बायकांची नावं ठिवलेली. शेजारच्या सुलाबाईचं नाव दिलेल्या झाडाकडं बोट करून म्हणायचा, "बघ आक्का, नुसते काटे, फळाचा पत्ता न्हाई." सुलाबाई ऐकायची अन् त्याच्या नावानं बोटं मोडायची.

त्याची पहिली बायको लक्ष्मीबाई तापानं गेली. चाळिशी आली तव्हा त्यानं दुसरी केली, पोखर्णीची कावेरी. त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कमी बोलणारी, खाली मान घालून काम करणारी. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत न्हाई. कानामागून आली अन् तिखट झाली, असंच माझं तिच्याबद्दल मत व्हतं अन् मी ते चारचौघात बोलायचे.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पहिला दणका बसला. भुजंग झाडाचं आळं करायलता. मी चहा घिऊन गेले तर त्याच्या उजव्या हातातली कुदळ गळून पडली. मला काहीतरी सांगायलता, पण तोंडातून नुसतं बब्बब निघालं. तोंड एका अंगाला वाकडं. मी ऊर बडवून घेतला. चहा गार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गडी परत नीट झाला, अन् वर हसला, "आक्का, माझी जबान कुणी पळवली व्हती गं?"

दुसऱ्याच दिवशी आमी तिघं परभणीला गेलो. पंडित नावाचा तरणा डॉक्टर, त्याचा तिथं दवाखाना. त्यानं माझ्यासमोर सांगितलं, "डोक्याला रक्त नेणारी नस घडीभर अडकली आणि सुटली. पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. अडकून राहिली तर बोलणं जाईल, अर्धं अंग जाईल, कदाचित माणूसही जाईल." बीपीच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी करा म्हणला, बिडी बंद. मी हे माझ्या कानानं ऐकलं. ज्याला कडेवर घिऊन फिरले तो एखाद्या दिवशी माझ्यासमोर लाकूड होऊन पडंल, ह्या भ्यावानं मला जेवण गोड लागंना.

श्रावण लागला अन् घरात नवीनच सुरू झालं. दुपारची जेवणं झाली की दोघं नवरा-बायको माजघरात जायचे अन् आतून कडी. आता नवरा-बायकोनं दार लावलं तर नणंदेनं काय बोलावं? आठ दिवस मी जीभ चावून गप बसले. पण रोज? त्याच वेळंला? भर दुपारी, अठ्ठेचाळीस वर्षांचा बीपीचा पेशंट? बाहेर आला की सदऱ्याची बाही खाली ओढायचा. एकदा अंघोळीला बसला तव्हा मी पाठ घासायला गेले तर डाव्या दंडाला चारी बाजूनं लाल वळ.

"हे काय रे भुज्या?"

"बनियन घट्ट हाय आक्का."

"बनियन दंडाला घालतेत व्हय रे? मला येडी समजतोस का?"

तो हसून उठला. मी सुलाबाईला सांगितलं. सुलाबाई म्हणजे आगीत तेलच. म्हणली, "आक्का, दंड बांधतेत म्हंजे नवऱ्याला बांधतेत. लक्ष ठिवा." मग मी लक्ष ठिवलं. माजघराच्या मागल्या खिडकीची एक फळी फुटलेली, तिथं डोळा लावून उभी ऱ्हायले. भुजंग भिताडाला टेकून बसलता. कावेरीनं त्याच्या दंडाला काळी पट्टी गुंडाळली अन् रबरी फुगा दाबून दाबून ती फुगवली. त्याची बोटं आधी पांढरी पडली, मग जांभळी. तो दात आवळून बसलेला. अन् ही बया गजराच्या घड्याळाकडं बघत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायली. मंतर! मला दुसरं काही सुचलंच न्हाई.

मी दाराला लाथ घातली. "उघड आधी! माझ्या भावाला मारायलीस का?"

कावेरीनं घाबरून दार उघडलं. भुजंग मात्र बसल्या जागी हसायला लागला. "आक्का, ती मिनटं मोजायली गं. आमी हाताला ताण द्यायलोय."

"कसला ताण?"

"मोसंबीला देतो तोच. आपण पाणी तोडतो का न्हाई? पानं गळतेत, झाड मरायला टेकल्यावानी दिसतं, पण मरत न्हाई. पुढं तेच झाड बहार धरतं. पंडित डॉक्टर म्हणला, हाताचं रगत पाच मिनटं तोडायचं, पाच मिनटं सोडायचं, असं चारदा. अंगाला उपाशी ऱ्हायची सवय लागती. उद्या डोक्यातली नस अडकली तर डोकं एकदम मरायचं न्हाई, थोडंफार सोसंल."

"तोडायचं हाताचं अन् सोसायचं डोक्यानं? दुखणं हाल्याला अन् डाग पखालीला! अन् मला कामून सांगितलं न्हाई?"

"तू गावभर बोंब मारशील म्हणून," भुजंग म्हणला. ते खरंच व्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

दोन दिवसांनी मी एकटी एसटीत बसून परभणीला गेले अन् डॉक्टरच्या पुढ्यात जाऊन बसले. तो बिचारा नीट बोलला. "मावशी, बाहेरच्या देशातल्या एका मासिकात मी वाचलं. कुत्र्यांच्या काळजाची एक बाजू थोडा थोडा वेळ रक्तावाचून ठेवली, तर पुढचा मोठा मार दुसऱ्या बाजूला कमी लागला. हात बांधून माणसाचं डोकं वाचेल का, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. तो माझा अंदाज आहे. भुजंगरावांना मी हे सगळं सांगितलं, ते म्हणाले करून बघू. गोळ्या चालूच आहेत."

"म्हंजे फायदा व्हतो का न्हाई, ते सांगा."

"मला ठाऊक नाही."

बाई गं! डॉक्टर असून ठाऊक न्हाई म्हणतो? आमच्या गावचा झाडपाल्याचा वैदू सुदिक छातीवर हात मारून सांगतो, तीन दिवसांत गुण. अन् हा एवढा शिकलेला, भिताडाला कागद टांगलेला, म्हणतो ठाऊक न्हाई. कुत्र्यावर करून झालं, आता माझ्या भावावर! मी उठता उठता विचारलं, "आमची कावेरी तुमची कोण लागती?"

"कोणी नाही. मीही पोखर्णीचाच, आमच्या घरामागं त्यांचं घर."

घ्या! एका गावची दोघं. माझ्या डोक्यात गाठ पक्की बसली. बोरीच्या फाट्यावर उतरल्यापासून मी जी सुरू केली ती थांबलेच न्हाई. पिठाच्या गिरणीत, पाणवठ्यावर, देवळाच्या ओट्यावर, भेटंल त्याला सांगितलं: कावेरी अन् तो पोखर्णीचा डॉक्टर मिळून माझ्या भावावर करणी करायलेत, रोज दंड बांधून रगत तोडायलेत. मंतर मी माझ्या कानानं ऐकला म्हणून सांगितलं. कान सोडा, मी तर खिडकीच्या फटीतून नुसते ओठ हललेले बघितले व्हते. आठ दिवसांत बायका कावेरीच्या हातचं हळदीकुंकू घिईनात. तिनं मला एका शब्दानं विचारलं न्हाई. मी म्हणले, बघा, चोराच्या मनात चांदणं.

दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत मी ती डॉक्टरनं दिलेली बीपी बघायची काळी पट्टी फुग्यासकट उचलली अन् विहिरीत टाकली. भुजंगाला कळलं. मला वाटलं आता वरडंल. तो विहिरीत वाकून बघून म्हणला, "आक्का, विहिरीला बीपी न्हाई गं." बस, एवढंच. डॉक्टरची वस्तू बुडाली ह्याची त्याला लाज वाटली, म्हणून दुसरी मागायला गेला न्हाई. सायकलची जुनी ट्यूब कापली अन् तीच दंडाला आवळायला लागला. बागेत, माझ्या नजरंआड.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. जिकडं तिकडं पोलीस, कुठं मिरवणुकीची तयारी, कुठं दगडाची, अन् आमच्या रस्त्याला त्या दिवशी एसटी आलीच न्हाई. भुजंगाला त्याचं काही नव्हतं. त्याचा बागेचा ताण तोडायचा दिवस व्हता, महिना-दीड महिना तहानलेल्या झाडांना पहिलं पाणी सोडायचं. तो अन् सिताराम गडी सकाळीच बागेत गेले. दुपारी कावेरी ववसायला रुक्मिणीच्या देवळात गेली. कुणी तिच्याकडनं वाण घेणार नव्हतं, तरी गेली. मी घरी तिळगूळ वळत बसले.

नंतर सितारामानं सांगितलं ते असं. तो वरच्या वाफ्यात पाणी वळवून आला तर भुजंग बांधावर आडवा पडलेला. तोंडातून लाळ गळायली, जीभ जड, बोलता येईना, अन् डाव्या दंडाला काळी ट्यूब आवळलेली. आता तुमीच सांगा, शेतातल्या माणसानं काय समजायचं? डॉक्टरी पट्टी असती तर त्यानं वळखली असती. ट्यूब बघितली अन् तो बोंबलला, "मालकाला पान लागलं!"

आमच्याकडं सापाचं नाव तोंडानं घेत न्हाईत, पान लागलं म्हणतेत. पान लागलं की वर आवळून बांधायचं, घराच्या उंबऱ्यात न्यायचं न्हाई, थेट मारुतीच्या पारावर न्यायचं. तिथं बारी म्हणतेत, म्हंजे इख उतरवायची गाणी, अन् इख उतरल्याबिगर बांधलेलं सोडायचं न्हाई. सितारामाला वाटलं मालकानं सोताच बांधून घेतलं. त्यानं आपल्या धोतराची पट्टी फाडून ट्यूबच्या वर अजून एक आवळली, शेजारच्या शेतातल्या माणसांना हाका मारून गाडी जुंपली, अन् भुजंगाला पारावर आणून निजवलं. मन लावून केलं पोरानं सगळं. त्याला कोण दोष देईल?

मला निरोप आला तव्हा मी तशीच तिळाच्या हातानं पळाले. पारावर अख्खं गाव. चंद्रभान बारी म्हणायलता, त्याच्या बारीवर तिन्ही गावांचा इश्वास. त्यानं लिंबाचा पाला भुजंगाच्या तोंडात कोंबला अन् विचारलं, "कडू लागतंय का, भुजंगराव?" पाला कडू लागला तर इख न्हाई, गोड लागला तर चढलंय, असा त्याचा नियम. भुजंग काय सांगणार? त्याची जबानच गेलेली. चंद्रभान म्हणला, "बोलंना. इख लय चढलंय. अजून आवळा."

तेवढ्यात कावेरी गर्दीत घुसली. हातातलं ताट फेकून दिलं अन् वरडली, "सोडा ती ट्यूब! पान न्हाई लागलं, नस अडकलीय! दवाखान्यात न्या!" एवढ्या मोठ्यानं बोललेली मी तिला पहिल्यांदा ऐकली. तिनं दंडाकडं हात नेला तर सुलाबाईनं अन् अजून दोघींनी तिला मागं वढलं. "हिनंच बांधली व्हती! आता सोडून नवऱ्याला मारायला निघाली! आक्का सांगत व्हत्या ते खरंच हाय!"

माझ्या नावानं बोलल्या त्या. मी तिथंच उभी व्हते.

खोटं कशाला सांगू, एक घडीभर मलाबी वाटलं की खरंच हिनं काहीतरी केलं. मग मी भुजंगाकडं बघितलं. तोंड वाकडं, उन्हाळ्यात झालतं तसंच. बांधलेला हात डावा, अन् लुळा पडलेला उजवा हात, उजवा पाय. डावा हात बांधल्यानं उजवं अंग जातं व्हय? अन् पौषाच्या थंडीत कुठलं पान लागतंय? डॉक्टरनं सांगितलेली नस अडकली व्हती, अन् माझ्याबिगर हे जिला ठाऊक व्हतं तिला बायकांनी खाली दाबून धरलं व्हतं. बांधलेला हात काळानिळा पडायला लागलता.

"सोडा तिला," मी म्हणले. कुणी ऐकंना. मग मी गळा फाडून वरडले, "मी खोटं बोलले! करणी न्हाई, मंतर न्हाई, काय न्हाई! डॉक्टरनं सांगितलेली पट्टी व्हती ती. पट्टी मी विहिरीत टाकली म्हणून ह्यानं ट्यूब बांधली. मी बघितलं न्हाई, ऐकलं न्हाई, नुसतं बोंबलत फिरले!"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायले. चंद्रभान म्हणला, "आक्का, भावाच्या मायेनं तुमचं डोकं फिरलंय. आता सोडली तर इख काळजात शिरंल. भावाचा जीव तुमच्या माथी येईल."

"येऊ दे माझ्या माथी," मी म्हणले. भुजंगाच्या कमरंला कलमाचे डोळे भरायचा चाकू असायचा, तो काढला. घाईत तो पहिल्यांदा त्याच्या कातडीलाच लागला. धोतराची पट्टी कापली, मग ट्यूब कापली. बायांनी हाय हाय केलं. कुणीतरी मारुतीचं नाव घेतलं. हाताला हळूहळू लाली आली, भुजंग कण्हला, अन् चंद्रभानानं बारी थांबवली.

मग मात्र कुणी वाद घातला न्हाई. किराणा दुकानवाल्या अप्पारावानं आपली मॅटॅडोर काढली. भुजंगाचं डोकं कावेरीच्या मांडीवर, पाय माझ्या. वाटंत पोलिसांनी दोन जागी अडवलं, आत बघितलं अन् सोडलं. परभणीला पोचलो तव्हा दिवस मावळायला आला व्हता.

भुजंग वाचला. डावा हात चांगला ऱ्हायला. उजवा पाय ओढून चालतो, उजव्या हातानं डोळा भरता येत न्हाई. बोलणं थोडं थोडं आलं, पण शब्द हुडकावा लागतो. झाडांची नावं सगळी गेली. सुलाबाईच्या झाडापुढं उभा ऱ्हातो, बोट करतो, ओठ हलवतो, अन् मग मान खाली घालतो.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं व्हतं, "पडल्यापासून इथं यायला किती वेळ लागला?"

"चार घंटे. त्यातले दोन पारावर," मी सांगितलं. डॉक्टरनं हातातला पेन टेबलावर ठिवला.

"ताणाचा काही उपेग झाला का, डॉक्टर?"

"मला ठाऊक नाही, मावशी. झाला असेलही. नाहीतर ह्याहून जास्त गेलं असतं, असंही असेल. पण ते दोन तास..." ह्या खेपेला त्याच्या 'ठाऊक नाही'वर मला शक आला न्हाई.

शक आला तो कावेरीवर, पुन्हा. खोडच ती. दोन महिने झाले, ती त्याचं सगळं करायची, त्याचा डावा हात धरून ओट्यावर फिरवायची, मला आधी वाढायची अन् मग सोता जेवायची. एक वाकडा शब्द न्हाई. मला वाटायला लागलं, ही मनात काहीतरी साठवून ठिवायली, कधीतरी एकदम काढंल. शेवटी एक दिवस दुपारी, ती त्याला भात भरवायली तव्हा, मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"कावेरी, मला शिव्या दे. मी गावभर तुझी बदनामी केली. माझ्यामुळं ह्याचे दोन घंटे गेले. बोल काहीतरी, तुझ्या पाया पडते."

तिनं भुजंगाच्या ओठाला लागलेलं शीत पदरानं पुसलं. "असं कामून म्हणता आक्का? तुमीच तर वाचवलं त्यायला. मी सोडायला गेले तर मला कुणी हात लावू दिला न्हाई. तुमचं ऐकलं सगळ्यायनं. गावात तुमच्या शब्दाला लय मान हाय."

मी तिचं तोंड निरखून बघितलं. ती टोमणा मारत नव्हती.